खुंट्या कुणी पिळायच्या?

घरातली माणसं रुसतात, याची आपल्या सगळ्यांना सवय असते. नवरा रुसतो, मुलं रुसतात, कामवाल्या बाई तर महिन्यातून एकदा हक्कानं रुसतात. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरात कधी एखादी वस्तू रुसली आहे का? आमच्याकडे गेल्या वर्षी पेटी रुसली होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. आणि ती माझ्यामुळे रुसली होती, म्हणून तिची हकीकत मीच तुम्हाला सांगायला हवी.

आम्ही नाशिकचे, शरणपूर रोडच्या बाजूला राहणारे. घरात हे, मी, आमचा तेरा वर्षांचा चिरंजीव, लग्नाचे धाकटे भावजी आणि सासरे. सासऱ्यांना सगळी आळी ‘अण्णा’ म्हणते. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी सकाळी अर्धा दिवस एका शाळेत मराठी शिकवते आणि उरलेला अर्धा दिवस घरात सगळ्यांना मराठीतच ओरडते!

आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं अण्णांची पेटी वाजत आली. भजन, अभंग, नाताळच्या दिवसांत रात्रीची गाण्याची फेरी, कुणाच्या घरी मयत झाली तर तिथं बसून म्हटलेली गीतं, सगळीकडे अण्णा आणि त्यांची पेटी. तुमच्याकडे गल्लीत भजनी मंडळ असतं ना, अगदी तसंच. टाळ, पेटी, तबला, खाली सतरंजी. शेजारच्या काकू एकदा आमच्याकडे नाताळचा फराळ घ्यायला आल्या आणि भजन ऐकून म्हणाल्या, “अगं, हे तर आमच्यासारखंच आहे की! फक्त नाव वेगळं.”

आता भावजींचं ऐका. वय सव्वीस, अंबडला एका कारखान्यात नोकरी, आणि जीव सगळा गिटारमध्ये. चर्चमधल्या पाच मुलामुलींचा त्यांनी एक बँड केला आहे. एक मुलगी की-बोर्डवर, एक मुलगा बास गिटारवर, एक जण गाणारा, आणि आमचे चिरंजीव एका लाकडी खोक्यावर बसून त्या खोक्यालाच थापा मारतात. त्या खोक्याला ‘काहोन’ म्हणतात म्हणे. मी आपली पहिल्या दिवशी म्हणाले, “हे आंब्याच्या पेटीसारखं काय आणलंत?” तेव्हापासून मला घरात वाद्यांतलं काही कळत नाही असं जाहीर झालं आहे.

त्यांची गाणी बहुतेक हिंदी आणि इंग्रजी. मुंबईच्या शेल्डन बंगेरांसारख्या मंडळींनी हिंदीतली नवी भक्तिगीतं लोकप्रिय केली, ती ही मुलं बसवतात. तरुण मुलं चर्चमध्ये पुढच्या बाकांवर येऊन बसू लागली हे मात्र खरं. आधी तीच मुलं मागच्या दाराशी उभी राहून मोबाईल बघायची.

आणि इथंच माझ्या हातून ते घडलं.

गेल्या वर्षीच्या ईस्टरच्या उपासनेचा कार्यक्रम लिहून काढायचं काम कमिटीनं माझ्याकडे दिलं होतं. माझं अक्षर बरं आणि शुद्धलेखन पक्कं, म्हणून. कार्यक्रम दीड तासात बसवायचा होता आणि गाणी झाली होती नऊ. पाळकसाहेबांचा निरोप होता, दोन गाणी कमी करा. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभी होते. एकीकडे दूध तापत होतं. मुलांचं एक गाणं मी खोडलं. दुसरं कुठलं खोडावं म्हणून बघते तर ‘भजन – अण्णा’ अशी ओळ. मनात आलं, अण्णा काय घरचेच आहेत, त्यांना वाईट वाटणार नाही. मुलं मात्र हिरमुसतील. तेवढ्यात दूध वर आलं, मी डाव्या हातानं गॅस बंद केला आणि उजव्या हातानं ती ओळ खोडली.

अण्णांना मी सांगितलंसुद्धा नाही. रात्री सांगू म्हणून राहिलं, आणि मग राहूनच गेलं. त्यांनी तो कार्यक्रम पाहिला तो चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. चष्मा वर करून मोबाईल जवळ धरून त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. मग एवढंच म्हणाले, “बरं झालं. माझा आवाजही हल्ली बसलेलाच असतो.”

त्या दिवसापासून पेटी गप्प झाली. त्यांनी तिच्यावर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी घातली आणि ती पलंगाखाली सरकवली. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या गेल्यावरसुद्धा संध्याकाळी साडेसहाला पेटी वाजायची. कुकरच्या शिट्ट्या आणि पेटीचा सूर हे आमच्या घरातलं घड्याळच होतं. आता साडेसहाला नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. अण्णांनी भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. जेवताना भाजीला नावं ठेवत, नातवाचा अभ्यास घेत, सगळं नेहमीसारखं. फक्त पेटी नाही. आणि मला तर रोज केर काढताना पलंगाखाली झाडू त्या गोधडीला लागला की काटा आल्यासारखं व्हायचं.

आपलं चुकलं की आपण काय करतो? सरळ माफी मागायची सोडून आपण पुरावे गोळा करतो! मीही तेच केलं. नवीन वाद्यं आली यात काही वाईट नाही, काळ बदलतोच, हे अण्णांना पटवून द्यायचं असं मी ठरवलं. त्यासाठी आधी भावजींना विचारायला सुरुवात केली. मी पोळ्या लाटायची आणि ते शेजारी स्टुलावर बसून सांगायचे.

त्यांचं दैवत ‘पेट्रा’ नावाचा एक अमेरिकन बँड. पेट्रा म्हणजे ग्रीक भाषेत खडक. इंग्रजीत रॉक! नावातच कोटी आहे. १९७२ साली इंडियाना प्रांतातल्या फोर्ट वेन गावी बॉब हार्टमन या गिटार वाजवणाऱ्यानं मित्रांना घेऊन तो काढला. गिटार मोठ्यानं वाजवायची, ड्रम बडवायचे आणि गाणं देवाचं म्हणायचं. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ चर्चना हे मुळीच पसंत नव्हतं. रॉक म्हणजे सैतानाचं संगीत अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे बाहेरचे लोक म्हणत, ही तर प्रार्थनेची गाणी. आणि चर्चमधले लोक म्हणत, हा तर धिंगाणा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

मी विचारलं, “मग टिकले कसे?”

“बदलत गेले वहिनी,” भावजी म्हणाले आणि मोबाईलवर एकेक गाणं लावू लागले. पहिल्या तबकडीत, १९७४ सालच्या, गिटार अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ढंगाची, जरा गावरान. १९८० नंतर ग्रेग व्होल्झ या गोड गळ्याच्या गायकाबरोबर सूर मऊ झाला, तेव्हा कुठं लोक ऐकू लागले. मग सिंथेसायझरचं युग आलं, तर त्यांनी तोही घेतला. १९८६ मध्ये व्होल्झच्या जागी जॉन श्लिट आले, त्यांचा आवाज खरखरीत आणि चढा, तर गाणी पुन्हा कडक झाली. १९९० च्या ‘बियाँड बिलीफ’ला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. पण मला गंमत वाटली ती १९८९ सालची. ज्या बँडला चर्चच्या दारात उभं करत नव्हते, त्यानंच त्या वर्षी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायच्या स्तुतिगीतांची तबकडी काढली. पुढे २००५ साली त्यांनी निरोप घेतला, मग अधूनमधून पुन्हा एकत्र आले. पेट्राच्या गाण्यांवर वाढलेली मुलं आता स्वतः आजोबा व्हायच्या वयाला आली आहेत, आणि त्यांची नातवंडं बहुतेक म्हणत असतील, “काय हे जुनाट!”

हे ऐकताना माझ्या दोन पोळ्या करपल्या, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आज ज्याला आपण ‘आपलं जुनं’ म्हणतो, ते कधीतरी कुणाला तरी खुपलेलं असतं.

आपल्याकडेसुद्धा काय वेगळं आहे? ‘डिस्को डान्सर’ १९८२ सालचा. त्यातलं मुख्य गाणं गाणारे विजय बेनेडिक्ट पुढे चित्रपटातलं गाणं मागे ठेवून देवाच्या गाण्यांकडे आणि धर्मसेवेकडे वळले. ज्या आवाजावर आपल्या आया-मावश्या लग्नाच्या वरातीत नाचल्या असतील, तोच आवाज!

आता मी अण्णांच्या पेटीकडे वळले. कारण अण्णांच्या मनात, आणि खरं सांगते माझ्याही मनात, पेटी म्हणजे अस्सल देशी आणि गिटार म्हणजे परदेशी असंच होतं. पण पेटी तरी कुठली? हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्माला आलं. पायानं भाता हलवायचा आणि खुर्चीवर बसून वाजवायचं. मिशनरी आणि साहेबलोक ते इकडे घेऊन आले. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हातानं भाता मारायची सोय केली, आणि ते सतरंजीवर येऊन बसलं. तरी त्याचं परकेपण एवढं खुपत होतं की १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे बघा, ज्या पेटीशिवाय आपलं भजन, कीर्तन, नाट्यगीत काहीच होत नाही, ती तीस वर्षं आपल्याच रेडिओच्या दाराबाहेर उभी होती.

आणि भजन? मराठी ख्रिस्ती भजन तरी पहिल्यापासून होतं का? सुरुवातीच्या काळात मिशनरी इंग्रजी गीतांचं मराठी भाषांतर करायचे आणि ते इंग्रजी चालीवरच म्हणायला लावायचे. शब्द मराठी आणि चाल विलायती, म्हणजे नऊवारीवर हॅट! आमच्या या शरणपूरचंच घ्या. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस साहेबांनी ही वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंसुद्धा इथं शिकायला आणि राहायला होती. डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या जंगलात १८७३ साली वारले, तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत पोचवणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुलं होती. त्यांपैकी जेकब वेनराइट तर थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीपर्यंत गेला. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं तोंडात बोट घालतात. रोज ज्या रस्त्यानं आपण भाजी घेऊन येतो, तिथं कुठकुठले गळे गाऊन गेले असतील!

या सगळ्याला मराठी वळण देणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातले नगरचे कृष्णराव सांगळे होते. ख्रिस्ती कीर्तन त्यांनी उभं केलं. आणि त्यानंतर आले नारायण वामन टिळक. टिळक कोकणातले, पण शिकायला नाशिकला आले, आणि लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशीण. ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी शाळेत थोडं तरी वाचलेलं असतंच. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय काय आलं ते त्यांनीच न रडता, उलट हसवत सांगून ठेवलं आहे. टिळक म्हणत, मी ख्रिस्तापर्यंत आलो तो तुकोबांच्या पुलावरून. म्हणून त्यांनी विलायती चाली बाजूला ठेवून अभंग लिहिले, भजनं लिहिली. आज आमच्या ‘उपासना संगीता’त त्यांची कितीतरी गीतं आहेत. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज माणसानं ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत. म्हणजे जे आले ते आपला ठेका शिकले, आणि आपले तरुण त्यांचा ठेका शिकत राहिले. भावजींनी मला ‘आराधना’ नावाच्या मंडळींची गाणी ऐकवली. त्यातले ख्रिस हेल हे गोरे गृहस्थ, मिशनरी आईबापांबरोबर नेपाळात वाढलेले. ते सतार घेऊन येशूची हिंदी भजनं गातात. आमच्या मुलांच्या हातात गिटार आणि गोऱ्याच्या हातात सतार. घ्या!

एवढा दारूगोळा जमवून एके दिवशी दुपारी मी अण्णांसमोर बसले. त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. पॅरिस, कलकत्ता, आकाशवाणी, टिळक, पेट्रा. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला. मग म्हणाले,

“पोरी, तू मास्तरीण आहेस, तुझी माहिती बरोबरच असणार. पण मी वाद्यावरून रुसलोय असं तुला कुणी सांगितलं? आमच्या तरुणपणी तबला चर्चमध्ये आणला तेव्हा म्हाताऱ्यांनी आम्हाला तमासगीर म्हटलं होतं. मला सगळं ठाऊक आहे. ती ओळ खोडायच्या आधी तू मला विचारलं असतंस ना, तर तुझ्या हातातली पेन्सिल घेऊन मीच खोडून दिली असती.”

मैत्रिणींनो, माझ्या सगळ्या तारखा आणि सगळे दाखले त्या एका वाक्यापुढे पालापाचोळ्यासारखे उडाले. प्रश्न गिटारचा नव्हताच. प्रश्न होता न विचारण्याचा. घरातलं माणूस ‘घरचंच’ म्हणून आपण त्याला किती सहज गृहीत धरतो! परक्याची परवानगी घेतो, आणि आपल्या माणसाची ओळ परस्पर खोडून टाकतो. हेच जर कुणी माझ्या बाबतीत केलं असतं तर? केलंय की! “तिला काय विचारायचं, ती करेलच,” हे वाक्य तुम्ही आणि मी किती वेळा ऐकलं आहे? मला ते चांगलं झोंबतं. आणि तरी मी तेच अण्णांना केलं.

मी त्यांच्या पाया पडले नाही, मोठमोठे शब्द वापरले नाहीत. “अण्णा, चुकलं माझं,” एवढंच म्हणाले. ते म्हणाले, “चहात साखर कमी होती.” म्हणजे राग गेला, पण पेटी काही पलंगाखालून निघाली नाही. रुसवा माणसाचा गेला तरी वस्तूचा जायला वेळ लागतो.

ती निघाली ती वेगळ्याच कारणानं.

पावसाळ्यात एका रविवारी मी चिरंजीवांना ‘उपासना संगीता’तलं एक गीत मोठ्यानं वाचायला सांगितलं. पोरगा इंग्रजी शाळेतला. पहिल्या दोन ओळींत चार वेळा अडखळला, आणि मग विचारलं, “मम्मी, याचा मीनिंग काय?” मी मराठीची शिक्षिका! दुसऱ्यांच्या मुलांना कविता शिकवते, आणि माझ्या मुलाला त्याच्या पणजोबांच्या तोंडातले शब्द कळत नव्हते. त्या दिवशी मला उमगलं की आमच्या घरात पेटी की गिटार हे भांडण चाललं असताना तिसरंच काहीतरी मागच्या दारानं निघून चाललं होतं. ते म्हणजे मराठी. मुलांची सगळी गाणी हिंदी आणि इंग्रजी; अण्णांची सगळी मराठी; आणि मधली मी, दोघांनाही टाळ्या वाजवणारी.

मी भावजींना म्हटलं, “नाताळला एक तरी गाणं मराठीत करा. जुनं नको, तुमचं स्वतःचं करा.” ते तयार झाले. पण शब्द काही चालीत बसेनात. आठवडाभर रोज रात्री नऊला गिटार सुरू व्हायची आणि दहाला वैतागून बंद व्हायची. इंग्रजी गाण्यासारखी लय धरली की मराठी शब्द भलतीकडेच तुटायचा. ‘आकाश’ हा शब्द ‘आका – श’ असा व्हायचा आणि तो बिचारा ‘श’ पुढच्या ओळीच्या दारात लोंबकळायचा. चिरंजीव हसून लोळायचे.

अशाच एका रात्री आतल्या खोलीतून आवाज आला, “अरे, मात्रा मोज! त्या अक्षरांना कवायत काय करायला लावतोस?”

अण्णा उठून बाहेर आले. आले ते मांडीवर थाप मारतच. “तुझे चार आणि चार किती?” “आठ.” “आणि माझा भजनी ठेका किती मात्रांचा?” भावजी बघतच राहिले. “तोही आठच आहे रे! भांडण मात्रांचं नाही, वजन कुठं टाकायचं त्याचं आहे. आधी शब्द बोलून बघ. आई हाक मारते तसा बोल. मग तो जिथं आपोआप टेकतो तिथं तुझा ढोल वाजव.” मग त्यांनी मोठ्या अभंगाचा हिशेब सांगितला. सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि शेवटी चार. “शेवटी दोन अक्षरं कमी का? तर गाणाऱ्यानं श्वास घ्यावा म्हणून. तुमच्या गाण्यात कुणी श्वासच घेत नाही!” शास्त्रात असं लिहिलेलं आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण मला ते फार पटलं.

आणि मग, कुणी काही न सांगता, ते वाकले आणि त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. गोधडी बाजूला केली. भात्याला एका कोपऱ्यात वाळवीसारखं काहीतरी लागलं होतं, दोन पट्ट्या अडकल्या होत्या. पण सूर निघाला. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला तिथून हलवेना.

पण गोष्ट इथं संपत नाही, कारण दोन वाद्यं जुळेनात! अण्णांची पेटी जुनी. तिचे सूर कुणा कारागिरानं वर्षांपूर्वी लावलेले. भावजींनी मोबाईलवर गिटार लावलेली, अगदी काटेकोर. दोन्ही एकदम वाजली की कानात दात शिवशिवल्यासारखं व्हायचं. मोबाईलनं दाखवलं की पेटी थोडी उतरलेली आहे. पाव सुराचा फरक, पण तेवढा पुरतो.

भावजी म्हणाले, “पेटी दुरुस्तीला देऊ.” अण्णा म्हणाले, “देऊ, पण तिचा एकेक सूर पितळेच्या पट्टीचा आहे. घासून घासून लावावा लागतो. महिना जाईल. आणि पैसे?” सगळे गप्प. तेव्हा चिरंजीवांनी, काही कळो न कळो, विचारलं, “काका, पेटीला खुंट्या नाहीत, पण गिटारला आहेत ना? मग गिटारच उतरवा की!”

दोन मिनिटांचं काम होतं. भावजींनी सहाही खुंट्या जरा जरा सैल केल्या, पेटीच्या सुराला कान लावून. की-बोर्डवाल्या मुलीच्या वाद्यात तर नुसतं एक बटण दाबायचं होतं. आणि पुढच्या क्षणी सगळं एक झालं.

नाताळला ते गाणं झालं. सगळं गोड झालं असं नका समजू. मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, “खिचडी झाली आहे.” बँडमधल्या गाणाऱ्या मुलाला मराठी गाणं ‘स्लो’ वाटलं, आणि तो हल्ली दुसरीकडे गातो. अण्णा व्यासपीठावर काही गेले नाहीत. खालीच सतरंजीवर बसून त्यांनी वाजवलं. दर रविवारी अजूनही बँडच वाजतो आणि महिन्यातून एकदा भजन. पण कार्यक्रम लिहिताना आता मी कागद घेऊन आधी अण्णांकडे जाते. आणि साडेसहाला आमच्याकडे पुन्हा कुकरबरोबर पेटी वाजते. शनिवारी तिच्याजवळ चिरंजीव बसतात आणि अण्णा त्यांच्याकडून ओळी वाचून घेतात. अडखळणं कमी झालं आहे. ‘मीनिंग’ विचारणं वाढलं आहे, ते मात्र मला आवडतं.

तुमच्या घरी गिटार नसेल, पण ही गोष्ट तुमच्याही घरी घडत असणार. गणपतीत आजोबांना आरती टाळांच्या संथ लयीत हवी असते आणि मुलांना नाशिक ढोलच्या ठेक्यात. सासूबाईंना पुरणपोळी गुळाची हवी आणि सुनेला साखरेची. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुरातच असतात, पण एकत्र आल्या की कानाला टोचतात.

अशा वेळी मला चिरंजीवांचा तो प्रश्न आठवतो. खुंट्या कुणाला आहेत? ज्याचे सूर पितळेचे होऊन बसले आहेत, त्याला घासायला गेलं तर महिना लागतो आणि कधीकधी सूर तुटतोही. ज्याला पिळता येतं, त्यानं थोडं पिळून घ्यावं. एवढ्यानं त्याचं गाणं कमी होत नाही.

पण एक मात्र सांगते, आणि हे नीट ऐका. दर वेळी खुंट्या फक्त आपल्याच पिळायच्या, असा या गोष्टीचा अर्थ नाही हं! घरातली बाई म्हणजे सगळ्यात लवचीक, तीच उतरवेल, तीच चढवेल, असं सगळे धरून चालतात. सारखी पिळली तर तारही तुटते. आमच्या घरी त्या रात्री खुंट्या पिळल्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलानं. तोच तरुण होता, त्याच्याच तारा नव्या होत्या.

आणि अण्णांनीही काही केलं नाही असं नाही. ते पलंगाखाली वाकले. त्या वयाला, गुडघे धरून, तेवढं वाकणं म्हणजे सहाही खुंट्या पिळण्यासारखंच होतं.